मोन्तेगुफोनीची गढी आणि मराठा पहारेकरी



किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचा कडा उभा राहतो. ठाकूरद्वारच्या चाळीत वाढलेल्या मुलालाही रायगड, राजगड, सिंहगड ही नावे लहानपणीच पाठ होतात. आणि एखादा दिवस मोकळा मिळाला की चर्नीरोडला गाडी पकडून निदान वसईचा किल्ला तरी तो पाहून येतो. किल्ला पाहताना आपण बहुधा दोन प्रश्न विचारतो. तो बांधला कोणी आणि जिंकला कोणी? तिसरा प्रश्न मात्र राहून जातो. त्या भिंतींच्या आड राखले काय गेले? आज ज्या इटालियन वास्तूविषयी मी बोलणार आहे, तिचे महत्त्व या तिसऱ्या प्रश्नात आहे. आणि त्याच्या उत्तरात आपल्याच मुलखातील माणसे उभी आहेत.

इटलीच्या तोस्काना प्रांतात फ्लोरेन्स शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे दहाबारा मैलांवर, द्राक्षांचे मळे आणि ऑलिव्हच्या बागा यांच्यामध्ये मोन्तेगुफोनी नावाचे एक स्थळ आहे. तेथील वास्तूला इटालियन लोक ‘कास्तेल्लो’ म्हणतात. आपल्याकडे त्याला गड म्हणता येणार नाही. गढी हाच शब्द योग्य. देशावरील सरदारांच्या गढ्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना तिची कल्पना सहज येईल. राहता वाडाच, परंतु प्रसंगी शत्रूला दाराबाहेर थोपवील असा. ही गढी फ्लोरेन्सच्या अच्चाय्वोली घराण्याची. हे लोक मूळचे सावकार. पुढे त्यांच्यापैकी एका शाखेने ग्रीस देशात अथेन्सची सत्ताही मिळवली. काळाच्या ओघात घराण्याचे वैभव ओसरले, गढीत अनेक कुटुंबांनी बिऱ्हाडे थाटली, आणि १९०९ साली सर जॉर्ज सिटवेल या हौशी इंग्रज गृहस्थाने ती आपल्या मुलाच्या नावे विकत घेतली.

येथवरची हकीकत युरोपातील कोणत्याही जुन्या गढीची असू शकेल. हिचे भाग्य पालटले ते दुसऱ्या महायुद्धात. बाँबवर्षावाच्या भीतीने फ्लोरेन्सच्या उफ्फिझी चित्रसंग्रहालयातील अमोल चित्रे आसपासच्या खेड्यांतील वाड्यांत आणि गढ्यांत हलवण्यात आली. मोन्तेगुफोनीचे दरवाजे प्रशस्त असल्याने मोठमोठ्या चित्रांची रवानगी तेथे झाली. चिमाबुए आणि जोत्तो यांच्या मातामेरीच्या भव्य प्रतिमा, बोत्तिचेल्लीचे ‘प्रिमावेरा’ म्हणजे वसंतऋतूचे चित्र, आणि उच्चेल्लोने रंगवलेली सान रोमानोची लढाई, ही सर्व त्यांत होती. १४३२ साली फ्लोरेन्स आणि सिएना यांच्यात झालेल्या त्या लढाईचे चित्र पाहताना भाल्यांचे रानच आपल्यापुढे उभे राहते.

१९४४ च्या उन्हाळ्यात युद्ध त्या टेकड्यांवर येऊन ठेपले. जर्मन सैनिक गढीत वस्तीला होते. आसपासचे शेकडो ग्रामस्थ तळघरांत आश्रयाला आले होते. गिर्लान्दायोच्या एका वर्तुळाकार चित्राचा मेजासारखा उपयोग झाला आणि त्यावर मद्याचे डाग पडले. उफ्फिझीचे ग्रंथपाल चेझारे फासोला यांनी अशा वेळी घरी बसणे नाकारले. दोन सैन्यांच्या मधून, पायी चालत, ते चित्रांपाशी येऊन राहिले. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. होती ती केवळ चिकाटी.

जुलैअखेर जर्मन हटले आणि आठव्या हिंदी डिव्हिजनचे सैन्य पुढे सरकले. मोन्तेगुफोनीत तळ पडला तो मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या जवानांचा. पलटणीच्या भेटीस आलेले स्कॉटिश कादंबरीकार एरिक लिंकलेटर आणि बी.बी.सी.चे वार्ताहर विनफर्ड वॉन-टॉमस दालनांत शिरले, तो भिंतींना टेकून ठेवलेली जगप्रसिद्ध चित्रे त्यांच्या दृष्टीस पडली. ताबडतोब दालने बंद करण्यात आली आणि दारांवर मराठा शिपायांचा पहारा बसला. कोकणातील आणि देशावरील शेतकऱ्यांची मुले ती. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही त्यांची युद्धघोषणा १९४१ साली आफ्रिकेतील केरेन येथे, इटालियन सैन्याशीच लढताना, प्रथम दुमदुमली होती. तीन वर्षांनी त्याच इटलीचे सांस्कृतिक धन त्यांच्या स्वाधीन झाले, आणि ते सुखरूप राहिले.

कोणी म्हणेल की यात आपण अभिमान कशाचा धरावा? ज्या झेंड्याखाली हे जवान उभे होते, तो आपला नव्हता. ८ ऑगस्ट १९४२ रोजी, ठाकूरद्वाराहून पायी जाण्यासारख्या अंतरावरील गवालिया टँकवर, ‘छोडो भारत’चा ठराव झाला होता आणि देशभर तुरुंग भरले होते. आक्षेप खरा आहे. तो झटकून टाकता येत नाही. एकाच घरातील एक भाऊ तुरुंगात आणि दुसरा पलटणीत, अशी ती वेळ होती. परंतु राज्य कोणाचे हा एक प्रश्न, आणि आपल्या हाती सोपवलेली परक्याची ठेव जपणे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर १९४७ ने दिले. दुसऱ्याचे उत्तर त्या शिपायांनी दारात उभे राहून आधीच दिले होते. साम्राज्य गेले, ठेव राखल्याचे पुण्य मात्र ज्याचे त्याच्यापाशीच राहिले.

त्याची किंमतही लहान नव्हती. त्याच जुलैच्या १० तारखेस, वरच्या टायबर खोऱ्यात, नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनवर चालून गेले. आपल्या तुकडीतील सोबती मरून वा जखमी होऊन पडलेले असताना त्यांनी ते ठाणे जिंकले आणि तेथेच शत्रूच्या गोळ्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे हे घाडगे रायगडाच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातील.

पुढे मोन्तेगुफोनीची चित्रे फ्लोरेन्सला परतली. आज उफ्फिझीत ‘प्रिमावेरा’पुढे रोज गर्दी लोटते. गढीत आता प्रवाशांसाठी भाड्याने खोल्या मिळतात. आपल्याकडून तिकडे जाणारे पुष्कळ आहेत. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, संग्रहालयातील चित्र पाहिल्यावर ती गढीही पाहावी आणि दालनाच्या दारात क्षणभर थांबावे. इतिहासात चित्रकारांची नावे आहेत, गढीच्या धन्यांची आहेत, पाहुण्या लेखकांचीही आहेत. दारावरच्या शिपायाला तेथे केवळ ‘मराठा’ एवढेच नाव आहे. सवड असल्यास पुढे मोन्तोने या टेकडीवरील तटबंदीच्या गावीही जावे. यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ २०२३ साली तेथे छायायंत्र उभारले आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, असा त्यावरील बोधवचनाचा आशय आहे.

किल्ला बांधणाऱ्याचा असतो, जिंकणाऱ्याचा असतो. पण काही काळ का होईना, तो राखणाऱ्याचाही असतो. त्या अर्थाने तोस्कानातील ती एक गढी आपल्याही इतिहासात जमा आहे.