कॅलाव्हेराइटचा चौथा अंक

साल १८६८. फिलाडेल्फियात रसायनज्ञ फ्रेडरिक गेंथ यांच्या टेबलाशी तुम्ही उभे आहात. समोर कॅलिफोर्नियातल्या कॅलाव्हेरास परगण्यातून, स्टॅनिस्लॉस खाणीतून आलेला नमुना आहे. रंग फिकट पितळी, सहज पायराइट वाटावा असा. त्यातला कण कोळशावर ठेवा आणि फुंकनळीने ज्योत त्यावर वळवा. ज्योत निळसर हिरवी होते, कोळशावर पांढरा थर धरतो. टेल्युरियम उडून जातं आणि मागे पिवळाधमक मणी उरतो. सोनं! या खनिजात सोन्याच्या एका अणूला टेल्युरियमचे दोन अणू असतात, शिवाय थोडी चांदी. गेंथ परगण्यावरूनच नाव ठेवतात : कॅलाव्हेराइट.

घटक कळले, आकार मात्र कळायचा आहे. त्यासाठी १९३०च्या आसपास जर्मनीत हायडेलबर्गला या, व्हिक्टर गोल्डश्मिट यांच्या प्रयोगशाळेत. कोलोरॅडोतल्या क्रिपल क्रीकचा एक स्फटिक कोनमापकावर बसवलेला आहे, अंगावर लांबीभर बारीक रेघा. त्याच्या दुर्बिणीला डोळा लावून स्फटिक हळूच फिरवा. एखादं पृष्ठ नेमक्या कोनात आलं की प्रकाश लख्खकन डोळ्यात येतो. कोन लिहा, पुन्हा फिरवा. स्फटिकाचं कोणतंही पृष्ठ तीन लहान पूर्णांकांत मांडता येतं, हा स्फटिकशास्त्राचा पायाभूत नियम. इथे काही पृष्ठं बसतात, बाकीच्यांचे आकडे भलतेच मोठे होतात. अक्ष बदलून पाहा, तरी तेच.

न बसणारी पृष्ठं गाळली असती तर तक्ता नीटनेटका झाला असता. गोल्डश्मिट, हार्वर्डचे चार्ल्स पॅलाश आणि मार्टिन पीकॉक यांनी तसं केलं नाही. १९३१मध्ये सगळी मोजमापं छापून, नियम इथे लागू पडत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. या तिघांबद्दल मला फार आदर वाटतो. आयुष्यभर ज्या नियमावर काम केलं, त्याच्याविरुद्ध साक्ष देणं सोपं नसतं.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून कारण तुम्हाला ठाऊक आहे. कॅलाव्हेराइटमधले अणू आपल्या जागेवरून लाटेसारखे थोडे थोडे सरकलेले असतात आणि त्या लाटेची लांबी जालकाच्या, म्हणजे अणूंच्या नियमित जाळीच्या, मापाशी कधीच जुळत नाही. त्या लाटेसाठी चौथा पूर्णांक लागतो. १९८५मध्ये डॅम, यानर आणि डोने या संशोधकांनी तो जोडला, तेव्हा अडलेली पृष्ठं लहान अंकांत बसली. पुढे १९८९मध्ये यानर आणि डॅम यांनी या स्फटिकाच्या आकाराचं सविस्तर विश्लेषण केलं, तेही १९३१च्याच मोजमापांवरून.