फुल्यांचा फोटो

‘पिक्सेल’ हा शब्द पहिल्यांदा छापून आला १९६५ साली. पण चित्राचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला एकच रंग द्यायचा, ही युक्ती त्याच्या कितीतरी आधीपासून भरतकाम करणाऱ्या बायकांच्या हातात होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमधले प्रकाशक चौकटीच्या कागदावर नमुने छापून घेत आणि त्यातला एकेक चौकोन हाताने रंगवून घेत. हे नमुने युरोप-अमेरिकेत घरोघरी पोचले. चित्र काढता यायला हवं असं नव्हतं; चौकोन मोजता आले की झालं.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग आणला. भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. १८३९ मध्ये खुद्द जॅकार्डचं चित्र असं रेशमात विणलं गेलं, तेव्हा सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती आणि आपल्या ॲनालिटिकल इंजिनासाठी पुठ्ठ्यांची कल्पना त्याने याच मागावरून घेतली. इंजिनिअरिंगला आम्ही संगणकाचा इतिहास बॅबेजपासून शिकलो. त्यात मागाला एक ओळ होती, भरतकामाला तीही नव्हती.

आमचं मलकापूर वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यातलं. १८६७ साली नागपूरपर्यंत पोचलेली रेल्वे इथूनच जाते. इथल्या घरांत दोसुतीवर फुलीच्या टाक्याने भरलेलं ‘सुस्वागतम्’ किंवा पोपटांची जोडी काचेच्या चौकटीत टांगलेली असायची. भरणारीचं नाव त्यावर क्वचितच असे.

आजीचा एक विटलेला रंगीत फोटो आहे. त्याचा नमुना करायला घेतला, तेव्हा हिशोब सोपा होता. चौदा काउंटच्या कापडावर इंचाला १४ फुल्या, म्हणजे १० बाय १२ इंचांना २३,५२० फुल्या. सॉफ्टवेअर प्रत्येक चौकोनाच्या रंगाची सरासरी काढतं आणि दोऱ्यांच्या यादीतली सगळ्यांत जवळची छटा निवडतं. मी २० छटांची मर्यादा घातली. पण अशा निवडीत ज्याचे चौकोन जास्त, त्याला रंग जास्त. आजीच्या मागची भिंत मोठी, म्हणून भिंतीलाच आठ छटा मिळाल्या. कपाळावरचं हिरवट गोंदण सरासरीत कातडीच्या रंगात विरून गेलं. ज्या खुणेवरून आम्ही आजीला ओळखतो, ती खूण यंत्राच्या लेखी किरकोळ चूक होती.

म्हणजे मोजणी यंत्राकडे गेली, तरी काय राखायचं हे भरणाऱ्यालाच ठरवावं लागतं. बर्लिनच्या रंगाऱ्यांसारखे मीही ते चौकोन हाताने बदलले. भिंतीला दोनच छटा ठेवल्या, उरलेल्या सहा चेहऱ्याला दिल्या. कपाळावर चार फुल्या हिरव्या केल्या. आणि सगळ्यांत खाली, सहसा रिकाम्या राहणाऱ्या ओळीत, तिचं नाव बसेल एवढी जागा मोजून ठेवली.