राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन

महाराष्ट्र शासनाचे बालपोषण अभियान. स्थापना 2005, सुरुवातीचे मुख्यालय औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर). तत्कालीन विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी 2002 मध्ये मराठवाड्यात केलेल्या प्रयोगातून ते उभे राहिले. पहिले महासंचालकही तेच. भर गर्भारपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या काळावर. मूल्यमापनाची खरी जागा अंगणवाडी: काट्याला टांगलेले मूल आणि नोंदवहीतला आकडा. तीव्र कुपोषित मुले कागदोपत्री घटवण्याचा मोह तिथेच होतो, म्हणून बाहेरची तपासणी हवी. 2012 च्या राज्यव्यापी सर्वेक्षणात दोन वर्षांखालील खुरट्या मुलांचे प्रमाण 2005-06 च्या सुमारे 39 टक्क्यांवरून 25 टक्क्यांखाली आले. या घटीचे श्रेय एकट्या मिशनला देता येत नाही. अंगणवाडीतच व्हायची भाषा, आकलन, अंकओळख ही शालेय पूर्वतयारी मात्र वजनकाट्यावर दिसत नाही.