दहापर्यंतची मोजणी

नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करीत गडचिरोलीकडे निघालेला प्रवासी वैनगंगेचा पूल ओलांडतो आणि आरमोरीत शिरतो. धानाच्या बांध्या, कोशाचे कापड आणि झाडीबोली यांनी ओळखला जाणारा हा परिसर 26 ऑगस्ट 1982 पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात होता. त्या दिवशी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. नकाशावर नवा जिल्हा उमटला, तरी रस्ते, दवाखाने आणि शाळा त्याच वेगाने उमटल्या नाहीत. पावसाळ्यात नाले भरले की पलीकडचे गाव बेट होई, आणि त्या बेटावर आजारी पडलेल्या लेकरासाठी तालुक्याचा डॉक्टर असून नसल्यासारखाच असे.

उपकरणे वापरायला सोपी कशी करावीत, या विषयावर आज पुष्कळ लिहिले जाते. त्या लिखाणात बहुधा मोबाईल, संकेतस्थळे, रिमोट कंट्रोल आणि मायक्रोवेव्ह येतात. गडचिरोलीच्या याच मुलखात मात्र या विषयावरचा एक महत्त्वाचा धडा लाकूड, मणी आणि वाळू यांतून लिहिला गेला. संगणकशास्त्राच्या इतिहासात त्याची नोंद सापडायची नाही. ती बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात आहे. तिच्याकडे रचनेच्या दृष्टीने पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभारून कामाला सुरुवात केली. सुरुवातीचा मुक्काम तेंदूपत्त्याच्या एका गोदामात होता. बालमृत्यूंच्या कारणांमध्ये न्यूमोनिया ठळकपणे समोर आला. विदर्भात या आजाराला 'डब्बा' म्हणतात, 'धाप लागली' असेही म्हणतात. नाव होते, भीतीही होती. परंतु साधा खोकला कुठे संपतो आणि प्राणघातक न्यूमोनिया कुठे सुरू होतो, ही सीमारेषा गावात कोणाला आखता येत नव्हती. स्टेथोस्कोप आणि क्ष-किरण यंत्र शहरात होते, लेकरू गावात होते.

ही सीमारेषा यंत्राविना आखता येते, हे जगाच्या दुसऱ्या एका दुर्गम कोपऱ्यात दिसून आले होते. पापुआ न्यू गिनीमध्ये काम करणारे डॉ. फ्रँक शान आणि त्यांचे सहकारी यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोकणाऱ्या मुलाच्या श्वासाच्या गतीला महत्त्व दिले होते. मिनिटाला पन्नासाच्या वर श्वास गेले तर न्यूमोनियाची शंका घ्यावी आणि प्रतिजैविक सुरू करावे, असा त्या विचाराचा मथितार्थ. दोन महिन्यांखालील तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद असतो, म्हणून त्याच्यासाठी साठाचा आकडा धरला गेला. निदानाचे सारे शास्त्र आता एका कृतीवर येऊन ठेपले होते: एक मिनिटभर श्वास मोजा.

वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या माणसाला ही कृती क्षुल्लक वाटेल. ती कोणी करायची, हे लक्षात घेतले की तिचा अवघडपणा कळतो. गावात बाळापाशी सर्वांत आधी पोहोचणारी व्यक्ती म्हणजे दाई. बाळंतपणाचा तिचा अनुभव दांडगा, हात सराईत, घरोघर तिला मान. पण अक्षरओळख नाही. घड्याळ तिच्या आयुष्यात नव्हते. मोजणी होती ती बोटांवर आणि थोड्याच आकड्यांपर्यंतची. खेड्यातली जुनी माणसे मोठी संख्या विसाच्या गटांनी सांगतात; साठाला 'तीन विसा' म्हणतात. ही गणती बाजारात चालते, कारण तिथे वस्तू समोर पडून असतात आणि चुकले तर पुन्हा मोजता येतात. श्वास मात्र थांबत नाही. मिनिटाला साठ वेळा वर-खाली होणाऱ्या इवल्याशा छातीवर नजर ठेवायची, मनात आकडे म्हणायचे आणि त्याच वेळी सेकंदकाट्याकडेही पाहायचे, ही कसरत शिकलेल्या माणसालाही सहज साधत नाही. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावे म्हटले, तर गुणाकार आला. शिवाय नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच मंदावतो, मध्येच धावतो. त्यामुळे पूर्ण मिनिट मोजल्याशिवाय भरवसा नाही.

इथे दोन वाटा होत्या. दाईला साठपर्यंत मोजायला आणि घड्याळ वाचायला शिकवायचे, ही पहिली. शिक्षित समाजाला नेहमी हीच वाट सुचते, कारण तीत माणसाने साधनापर्यंत चढून यायचे असते. बंग दांपत्याने दुसरी वाट धरली. त्यांनी 'श्वासमापक' म्हणता येईल असे एक साधन तयार केले आणि 1992 साली इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्समध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यात एक मिनिटाची वाळूची घडी आहे आणि मण्यांच्या दोन ओळी आहेत. वरची ओळ तान्ह्या बाळासाठी, खालची त्याहून मोठ्या मुलासाठी. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक लाल मणी. दाईने घडी उलटी करायची, छातीकडे पाहत दहापर्यंत मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा, पुन्हा एक मणी. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. वाळू आधी संपली, तर नाही.

या साधनाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. पहिली गोष्ट, दाईकडे जे होते त्यावरच ते उभे आहे. दहापर्यंतची मोजणी तिला येत होती. तिच्या पुढची मोजणी मण्यांनी उचलली. दुसरी गोष्ट, स्मरणाचे ओझे डोक्यातून काढून हाताखाली ठेवले गेले. आपण किती दहा मोजले, हे लक्षात ठेवावे लागत नाही. सरकलेला मणी ते सांगतो. जपमाळ ओढणाऱ्याला हे सांगायला नको. एकशे आठ नामे मोजण्याचे काम बोटे करतात, मन नामात राहते आणि मेरुमणी हाताला लागला की आवर्तन पुरे झाल्याचे आपोआप कळते. इथे मन श्वासात राहावे, म्हणून मोजण्याचे काम मण्यांकडे गेले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. हे साधन श्वासांची संख्या सांगतच नाही. चोपन्न की सत्तावन्न, हे दाईला कधीच कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. साठ आणि पन्नास हे वैद्यकशास्त्राचे आकडे मण्यांच्या संख्येत आधीच गोवलेले आहेत: एका ओळीत सहा दहांची सोय, दुसरीत पाच. उरते ती वाळू आणि लाल मणी यांच्यातली शर्यत. कोण आधी पोहोचले, एवढेच पाहायचे. दाईला माहिती नको होती, निर्णय हवा होता: औषध द्यायचे की नाही? आपल्याकडची बहुतेक उपकरणे आकडा दाखवून मोकळी होतात आणि त्याचा अर्थ लावण्याचे काम वापरणाऱ्यावर टाकतात.

योगायोग असा की गडचिरोलीत न्यूमोनियावरचे काम चालू होते त्याच सुमारास, 1988 साली, अमेरिकेत डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्रज्ञाचे दैनंदिन वस्तूंच्या मानसशास्त्रावरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पुढे ते या क्षेत्रातील मूलग्रंथ ठरले. काही ज्ञान डोक्यात असते, काही जगात असते. चांगली वस्तू आवश्यक ते ज्ञान स्वतःच्या घडणीत बाळगते आणि वापरणाऱ्याच्या चुकीचे खापर बरेचदा रचनेवर फोडायला हवे, हे त्यातील सूत्र. उकळते दार ढकलायचे की ओढायचे, या घोटाळ्यासारखी उदाहरणे तिथे आहेत. तिथे चुकीची किंमत थोडी चिडचिड एवढीच. गडचिरोलीत तीच किंमत एक लेकरू होती.

अर्थात सारे श्रेय मण्यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. बंग यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष 1990 साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. 58 गावांत पालकांचे प्रबोधन केले गेले आणि आरोग्यसेवक व दाया यांच्या हाती को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक दिले गेले. 44 गावे तुलनेसाठी होती. वर्षभरात न्यूमोनियाच्या 612 रुग्णांवर उपचार झाले आणि त्यांतील मृत्यूचे प्रमाण 0.8 टक्के होते. तुलनेच्या गावांत ते 13.5 टक्के होते. पाच वर्षांखालील एकूण मृत्युदर हजारी 40.7 च्या तुलनेत 28.5 राहिला. हे यश औषधाचे, प्रबोधनाचे, गावातल्या माणसांचे आणि त्यांच्यावर टाकलेल्या विश्वासाचे आहे. अक्षरशून्य स्त्रीच्या हाती प्रतिजैविक देणे ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. पण विश्वास टाकायचा तर तो पेलेल असे साधनही द्यावे लागते. श्वासमापक हे त्या विश्वासाचे लाकडी रूप होते.

त्याच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. साधनात गोवलेले ज्ञान साधनाइतकेच घट्ट होऊन बसते. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी मिनिटाला चाळीस ही मर्यादा धरली. आकडा कागदावर असता तर खोडून नवा लिहिता आला असता. मण्यांच्या बाबतीत ओळच बदलावी लागते, नाहीतर तिसरी ओळ घालावी लागते, आणि प्रत्येक नव्या ओळीबरोबर 'यातली कोणती?' हा प्रश्न वाढतो. शिवाय रडणाऱ्या बाळाचा श्वास कोणत्याच साधनाने नीट मोजला जात नाही. त्याला आधी शांत करावे लागते आणि ती कला दाईच्या हातातच असते. युनिसेफने वाटलेला टायमर ठरल्या वेळी आवाज देतो, त्यामुळे नजर छातीवरून हलवावी लागत नाही, हा त्याचा गुण. मात्र मोजणी पुन्हा डोक्यातच राहते.

यानंतरच्या काळात गावातल्या आरोग्यसेविकेच्या हाती मोबाईल आला. 2021 साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. उपकरणांच्या दर्जाची तक्रार होतीच, आणि केंद्राच्या 'पोषण ट्रॅकर' या ॲपमध्ये मराठीची सोय नसल्याचीही होती. हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. श्वासमापकाशी तुलना केली की फरक कुठे पडला ते दिसते. मण्यांची पाटी दाईच्या प्रश्नाला उत्तर म्हणून जन्मली. असली ॲप मुख्यतः वरच्या कार्यालयाच्या प्रश्नांना उत्तरे गोळा करण्यासाठी जन्मतात. वापरणारी एक, उपयोग दुसऱ्याला, अशी स्थिती असली की सोपेपणाची निकड कोणालाच भासत नाही. भाषेची अडचण हे त्याचे दिसणारे टोक. आणि मराठी आली म्हणजे सारे झाले असेही नाही. गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणारी घरे आहेत.

सोपेपणा हा उपकरणावर शेवटी चढवायचा मुलामा आहे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात वस्तू घडवायला बसण्याआधीच त्याचा निर्णय झालेला असतो: कोण बदलणार, वापरणारा की वस्तू? 'त्यांना मोजता येत नाही' असे म्हणून थांबणाऱ्याला प्रशिक्षणवर्ग सुचतो. 'त्यांना दहापर्यंत मोजता येते' असे म्हणून सुरुवात करणाऱ्याला मणी सुचतात. दोन्ही वाक्ये एकाच बाईविषयी आहेत आणि दोन्ही खरी आहेत. लेकरू वाचवण्याची वाट मात्र दुसऱ्या वाक्यातून निघाली.