शस्त्रक्रियेपूर्वी ईसीजी कोणाला आवश्यक?

हर्निया असो वा मोतीबिंदू, शस्त्रक्रियेची तारीख ठरली की रक्त-लघवीच्या तपासण्यांबरोबर ईसीजीची चिठ्ठीही अनेकदा रुग्णाच्या हाती पडते. मात्र केवळ वयाचा आकडा पाहून सरसकट ईसीजी काढण्याला वैद्यकशास्त्राचा आधार तोकडा आहे.

ईसीजी म्हणजे हृदयातील विद्युत लहरींची काही सेकंदांची नोंद. नकळत येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, ठोक्यांतील अनियमितता, विद्युतवहनातील अडथळा यांचा माग त्यातून लागू शकतो. तथापि, विश्रांतीच्या स्थितीतील आलेख 'नॉर्मल' आला म्हणून हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्याच आहेत, असे मानता येत नाही. उलट आलेखातील किरकोळ फरकामुळे धडधाकट माणसामागेही टूडी इको, स्ट्रेस टेस्ट यांचा ससेमिरा लागतो आणि शस्त्रक्रिया लांबते. कर्करोगाच्या रुग्णाला हा विलंब परवडणारा नसतो.

मोतीबिंदूबाबतचा पुरावा तर स्पष्टच आहे. अमेरिका व कॅनडातील १९ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. ईसीजीसह नेहमीच्या तपासण्या केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन्ही गटांत गुंतागुंतीचे प्रमाण सारखेच आढळले.

ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, किरकोळ शस्त्रक्रियेसाठी निरोगी व्यक्तीचा ईसीजी नेहमीचा भाग म्हणून काढू नये. मध्यम स्वरूपाच्या शस्त्रक्रियेत हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार वा मधुमेह असल्यास त्याचा विचार व्हावा. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी निरोगी असला तरी ६५ वर्षांवरील रुग्णाचा वर्षभरात ईसीजी झालेला नसल्यास तो काढण्याचा विचार करावा. गंभीर आजार असलेल्यांसाठी मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी तो आवश्यकच मानला आहे.

अर्थात यंत्राआधी रुग्णाची विचारपूस महत्त्वाची. दोन जिने चढताना धाप लागते का, छातीत दुखते का, कधी भोवळ आली होती का, या प्रश्नांची उत्तरे भूलतज्ज्ञाला बरेच काही सांगून जातात. अशी लक्षणे असतील तर शस्त्रक्रिया लहान असली तरी ईसीजी टाळू नये. पूर्वी काढलेला आलेख घरी असल्यास तो सोबत न्यावा. नव्या आलेखातील बदल ताजा की जुनाच, हे त्यावरून चटकन कळते.