दूरदर्शनचा पाठ ते मोबाईलवरचा फळा : सुपा परिसरातील अध्यापन-साधनांचा इतिहास

पुणे-नगर महामार्गावर, पारनेर तालुक्यात वसलेले सुपा हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे आणि जवळच्या पठारावरील पवनचक्क्यांमुळे ओळखले जाते. शहाजीराजांच्या जहागिरीतले सुपे ते बारामती तालुक्यातले, आणि त्याच्याशी या गावाचा घोळ घालू नये. पर्जन्यछायेतल्या या अवर्षणप्रवण तालुक्यात शिक्षणाचा भार मुख्यतः जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांनी आणि शिक्षणसंस्थांच्या माध्यमिक विद्यालयांनी वाहिला. येथील ऑनलाइन अध्यापनाची कथा मार्च २०२० पासून सांगण्याचा प्रघात पडला आहे. परंतु बहुमाध्यम साधने, म्हणजे शब्द, चित्र, ध्वनी आणि चलत्‌चित्र यांना एकत्र आणणारी साधने, हाताळण्याची जी तयारी ग्रामीण शिक्षकाने त्या वर्षी दाखवली, तिची मुळे त्याआधीच्या तीन-साडेतीन दशकांत आहेत आणि ती पाहिल्याशिवाय त्या वर्षाचे मोल कळत नाही.

१९८३ मध्ये ‘इन्सॅट-१ बी’ हा उपग्रह अवकाशात गेल्यानंतर शालेय दूरचित्रवाणीसाठी निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश झाला आणि १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. पाठ पुण्यात चित्रित होई, दूरदर्शनवरून प्रक्षेपित होई आणि ज्या शाळेत संच असेल तेथे मुले तो पाहत. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्राथमिक शाळांना दूरचित्रवाणी संच आणि रेडिओ-कॅसेट प्लेअर देण्याची योजनाही आली. या व्यवस्थेत शिक्षकाकडे काम उरे ते संच वेळेवर लावण्याचे, वर्ग शांत ठेवण्याचे आणि पाठ संपल्यावर चार प्रश्न विचारण्याचे. पाठ मध्येच थांबवता येत नसे, मागे नेता येत नसे, आणि ऐन वेळी वीज गेली तर तो कायमचाच हुकत असे. बालचित्रवाणीचे कार्यक्रम कसदार होते यात शंका नाही. उणीव होती ती शिकवणारा माणूस त्या पडद्याचा केवळ राखणदार राहिला, ही.

२००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या, म्हणजे एमकेसीएलच्या, ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमाने ही स्थिती थोडी हलवली. शासनाने कर्मचाऱ्यांना आणि शिक्षकांना संगणक-अर्हता बंधनकारक करून तिची सांगड वेतनवाढीशी घातली, त्यामुळे पन्नाशीला आलेले गुरुजीही तालुक्याच्या ठिकाणी जाऊन माऊस धरायला शिकले. हे शिक्षण कार्यालयीन स्वरूपाचे होते आणि त्यात वर्गाचा विचार फारसा नव्हता. तरीही फाईल साठवणे, मराठी टंकलेखन करणे, स्लाइड्सचे सादरीकरण तयार करणे या पुढे उपयोगी पडलेल्या सवयी तेथेच लागल्या, हे मान्य केले पाहिजे.

खरा पालट झाला तो २०१५ नंतर. त्या वर्षी जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासननिर्णय निघाला आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ ही संज्ञा, म्हणजे अध्यापनासाठी तंत्रज्ञान स्वतः वापरणारा आणि सहकाऱ्यांना शिकवणारा शिक्षक, शिक्षण परिषदांतून आणि कार्यशाळांतून रूढ झाली. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब आणि संगणक घेण्याची चढाओढ गावोगाव लागली. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील डिजिटल शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. माढा तालुक्यातील परितेवाडी येथे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड, म्हणजे मोबाईलने टिपताच ध्वनिफीत किंवा चित्रफीत उघडणारी चौकोनी खूण, जोडण्याचा जो प्रयोग केला, तो पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आला आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन मोबाईल डेटा स्वस्त झाला, सप्टेंबर २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ आले. या काळात शिक्षक एकमेकांकडून शिकले, ही या इतिहासातील सर्वांत मोलाची बाब होय. शासकीय प्रशिक्षण दोन दिवसांत आटोपे. शंका मात्र रात्री दहाला येई आणि तिचे उत्तर दुसऱ्या तालुक्यातला एखादा शिक्षक व्हॉट्सॲप गटावर देत असे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही मालिका सुरू केली, तेव्हा हीच शिदोरी कामी आली. शिक्षकाने घरी पाठ कसा तयार केला, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. दोन उंच डब्यांवर आडवी पट्टी ठेवून तिच्यावर मागचा कॅमेरा खाली येईल असा मोबाईल ठेवायचा, कॅमेऱ्याखाली वही धरून गणित सोडवत जायचे आणि आवाज त्याच वेळी नोंदवायचा. नंतर ‘काइनमास्टर’सारख्या ॲपमध्ये अडखळलेले भाग कापून चित्रे आणि अक्षरे बसवायची. एवढे करून फाईल व्हॉट्सॲपच्या १६ एमबीच्या मर्यादेत बसवावी लागे, म्हणून ती दाबून लहान करणे किंवा पाठाचे तुकडे पाडणे ओघाने आलेच. या अडचणीतून शिक्षक एक महत्त्वाची गोष्ट शिकला, ती अशी की एका चित्रफितीत एकच संकल्पना मांडावी, प्रस्तावना गाळावी आणि मूल जेथे अडते तेथेच रेंगाळावे. गुगल फॉर्मवरील चाचणीमुळे कोणता प्रश्न किती मुलांचा चुकला हे लगेच दिसे आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ त्यानुसार बदलता येई. बालचित्रवाणीच्या काळात हे शक्यच नव्हते.

सुप्यासारख्या औद्योगिक गावात अडसर निराळाच होता. घरात एकच स्मार्टफोन असेल आणि तो वडिलांबरोबर पाळीला कंपनीत जात असेल, तर सकाळी अकराच्या थेट तासाला मूल हजर राहणार कसे? अशा घरांसाठी मागाहून पाहता येणारी लहान चित्रफीत हाच व्यवहार्य मार्ग होता. ज्यांच्याकडे फोनच नव्हता, त्यांच्यासाठी २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलिमिली’ ही मालिका सुरू झाली; ती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची निर्मिती होती.

नगर जिल्ह्यात शाळा बंद राहण्याचा हा काळ अधिक लांबला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातील ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग उघडले, पण रुग्णसंख्या वाढल्यामुळे नेमक्या त्याच दिवसापासून जिल्ह्यातील ६१ गावांत पुन्हा टाळेबंदी लागू झाली आणि त्यांत पारनेर तालुक्यातील गावेही होती. इतरत्र फळ्यावर खडू फिरू लागला असताना या गावांतील शिक्षकांना मोबाईलवरचाच पाठ चालू ठेवावा लागला.

या दोन वर्षांत मुलांचे जे नुकसान झाले ते चित्रफितींनी भरून निघाले नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना अक्षर गिरवताना हात धरणारे माणूसच लागते. तरीही इतरांनी बनवलेला पाठ लावणारा शिक्षक स्वतः पाठ रचू लागला, हा बदल टिकाऊ आहे. त्याने रचलेले पाठ मात्र जुन्या मोबाईलच्या स्मृतीत आणि विसरलेल्या व्हॉट्सॲप गटांत पडून आहेत. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्या संग्रहाचे काय होणार हा प्रश्न उभा राहिला होता. शिक्षकांनी घडवलेल्या पाठांवर ती वेळ येऊ नये. संगमनेर येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने आणि जिल्हा परिषदेने २०२०-२१ मधील हे पाठ तालुकावार गोळा करून, इयत्ता व विषय यांच्या नोंदींसह जतन करावेत, आणि ज्या शिक्षकांच्या फोनमध्ये ते अजून शिल्लक आहेत त्यांनी ते पुसण्यापूर्वी शाळेच्या संगणकावर उतरवून ठेवावेत.