धर्मग्रंथातील कूट आणि आमचे रोमी पुराण

पवित्र बायबलच्या अक्षरांआड काही गुप्त संकेत दडविलेले आहेत काय, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत अधूनमधून डोके वर काढतो. कोणी जगाच्या अंताचा दिवस मोजून दाखवितो. कोणी ६६६ या आकड्यात आजच्या एखाद्या सत्ताधीशाचे नाव वाचतो. अशा गोष्टी ऐकून भाविक मन धास्तावते. आपण रोज वाचतो ते खरे शास्त्र नव्हेच, खरे शास्त्र कोणा जाणकाराच्या किल्लीवाचून उघडत नाही, अशी शंका मनात घर करते. या शंकेचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. माझगावच्या, किंबहुना सबंध मुंबई बेटाच्या ख्रिस्ती इतिहासातच त्याचा एक बोलका दाखला आहे.

माझगाव हे मुंबईतील ख्रिस्ती वस्तीचे एक जुने ठाणे. पोर्तुगीज अमदानीत १५७२ साली ही जहागीर डिसोझा घराण्याकडे आली आणि १६३२ साली येथे ग्लोरिया मातेचे चर्च उभे राहिले. ते मूळ चर्च १९११ साली पाडण्यात आले आणि १९१३ साली भायखळ्यास त्याची नवी वास्तू झाली. त्या जुन्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये, सरकारी व्यवहार पोर्तुगीजमध्ये आणि घरची बोली मराठी, अशी भाषांची तिहेरी वीण होती. वेदीवरचे शब्द सामान्य माणसाला पाठ होते, परंतु कळत नव्हते. ती उणीव भरून काढण्याचे काम पुराणांनी केले. फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रान्सिस्कु वाझ द गिमारायंश यांनी प्रभू येशूच्या दुःखसहनाची व मृत्यूची कथा मुंबई-वसईकडच्या मराठी बोलीत पद्यरूपाने रचली. १६५९ साली ती लिस्बन येथे छापली गेली. मुंबई-साष्टीच्या ख्रिस्ती समाजात उपवासकाळी हे पुराण वाचले जाई आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापलेही गेले.

हे पुराण मराठी, पण त्याची अक्षरे रोमी, आणि लेखनाची पद्धत पोर्तुगीज. पोर्तुगीज वळणात 'एक्स' या अक्षराचा उच्चार 'श' असा होतो. त्या काळी हे वाचकाला सांगावे लागत नसे. पण १६६५ साली मुंबई इंग्रजांच्या ताब्यात गेली, १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज शिक्षणाचा प्रवाह आटत गेला. पुढच्या पिढ्या इंग्रजी शाळेत शिकल्या. त्यांनी तीच रोमी अक्षरे इंग्रजी उच्चारांनी वाचली आणि त्यांना काही अर्थ लागेना. देवनागरी जाणणाऱ्या मराठी विद्वानांस ती अक्षरेच परकी. अशा रीतीने दोन्ही बाजूंनी पुस्तक मिटले गेले. आजीच्या ओठांवरची ओवी नातवाला गुप्त लिपीसारखी वाटू लागली. आता विचारावेसे वाटते की, यात कोणी काय लपविले होते? काहीही नाही. बदलला होता तो वाचणारा.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची कहाणीही हेच सांगते. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आला, येथील भाषा शिकला आणि १६१६ साली त्याने हे महाकाव्य रोमी लिपीत छापून प्रसिद्ध केले. १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. परंतु त्या मूळ छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. हस्तलिखितांवर ग्रंथ तगला. १९०७ साली जोसेफ साल्दान्हा यांनी मंगळूरहून तो रोमी लिपीतच संपादून काढला आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. मराठी भाषेची थोरवी गाणारा हा ग्रंथ मराठीच्या नेहमीच्या लिपीत छापून निघण्यास ३४० वर्षे लागली.

आपल्या महाराष्ट्रात खरीखुरी गुप्त लिपी वापरणारे धर्मवाङ्मयही झाले आहे. महानुभाव पंथाच्या अनुयायांनी आपले ग्रंथ 'सकळ' आदी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि शतकानुशतके ते पंथाबाहेरच्या लोकांस बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला. पडद्यामागे काय निघाले? श्रीचक्रधरांच्या काळची साधी, बोलती, जिवंत मराठी. अक्षरांवर कुलूप होते, आशयावर नव्हते. आणि कुलूप निघाल्यावरही तेराव्या शतकातील शब्दांचा अर्थ लावण्यासाठी अभ्यासकांना पुढे कितीतरी वर्षे खपावे लागले. कूट एकदा सुटते. भाषेचे अंतर मात्र पिढ्यान्‌पिढ्या कापावे लागते.

हा भेद ध्यानी घेऊन आता बायबलकडे वळू. त्यात सांकेतिक रचना अजिबात नाहीत, असे कोणी म्हणू नये. ११९ वे स्तोत्र पाहावे. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरे आहेत. या स्तोत्रात २२ कडवी, प्रत्येक कडव्यात ८ चरण आणि त्या आठही चरणांचा आरंभ एकाच अक्षराने. असे एकूण १७६ चरण वर्णमालेच्या क्रमाने चालतात. मराठीत उतरताना हा क्रम विस्कटतो आणि वाचकास ते स्तोत्र केवळ लांबलचक वाटते. यिर्मयाच्या ग्रंथात 'शेशख' असे एक विचित्र नाव येते. हिब्रूत पहिल्या अक्षराऐवजी शेवटचे, दुसऱ्याऐवजी उपान्त्य, अशी अदलाबदल केली की 'बाबेल'चे 'शेशख' होते. हे मात्र खरे कूट! पण ५१ व्या अध्यायाच्या ४१ व्या वचनात 'शेशख' आणि 'बाबेल' ही दोन्ही नावे शेजारी शेजारी आली आहेत. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीवर टांगणाऱ्याला काही लपवायचे होते, असे कसे म्हणावे?

प्रकटीकरणातील ६६६ चेही तसेच. प्राचीन काळी हिब्रू व ग्रीक अक्षरेच आकड्यांचे काम करीत. त्यामुळे प्रत्येक नावाची बेरीज निघे. 'नेरोन कैसर' हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिले की बेरीज ६६६ येते. लॅटिन वळणाने 'नेरो' लिहिले तर शेवटच्या 'न'चे ५० कमी होऊन ६१६ उरतात. आणि काही प्राचीन हस्तलिखितांत खरोखरच ६१६ हा आकडा आढळतो. बहुसंख्य अभ्यासक म्हणूनच येथे छळ करणाऱ्या रोमन सम्राटाचा निर्देश पाहतात. तो संकेत त्या काळच्या छळग्रस्त ख्रिस्ती जनांसाठी होता, आजच्या भविष्यवेत्त्यांसाठी नव्हे.

अलीकडच्या काळात गाजलेले 'बायबल कोड' मात्र निराळ्या जातीचे आहे. १९९४ साली विट्झटम, रिप्स व रोझेनबर्ग या तिघांनी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात दावा केला की, उत्पत्तीच्या हिब्रू संहितेतील अक्षरे ठराविक अंतराने उचलली असता पुढील काळातील धर्मपंडितांची नावे व तारखा जवळजवळ सापडतात. १९९७ साली मायकल ड्रॉस्निन यांच्या पुस्तकाने ही कल्पना जगभर नेली. १९९९ साली त्याच नियतकालिकात मॅके, बार-नातान, बार-हिलेल व कलाई यांनी हा दावा खोडून काढला. नावांची यादी करताना घेतलेली मोकळीक पुरेशी असेल तर असे निकाल कोठेही मिळतात, हे त्यांनी दाखविले. मॅके यांनी तर 'मोबी डिक' या देवमाशाच्या शिकारीवरील इंग्रजी कादंबरीत इंदिरा गांधींच्या हत्येचे 'भाकीत'सुद्धा काढून दाखविले! शिवाय १९४७ पासून कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांतील यशयाच्या हस्तलिखितात शब्दांचे लेखन प्रचलित संहितेहून अनेक ठिकाणी वेगळे आहे. अर्थ बहुधा तोच, अक्षरे कमीअधिक. अक्षरे मोजून काढलेला संदेश एका अक्षराच्या फरकाने ढासळतो. शास्त्राचा अर्थ मात्र एवढ्याशा फरकाने ढळत नाही.

मग कठीण काय आहे? भाषांतर. प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीचे जे विशेषण ग्रीक शुभवर्तमानात आहे, ते ग्रीक वाङ्मयात अन्यत्र जवळजवळ आढळत नाही. संत जेरोम यांनी मत्तयच्या शुभवर्तमानात त्याचा एक अर्थ केला, लूकच्या शुभवर्तमानात दुसरा. आपण दररोज म्हणतो त्या प्रार्थनेतील एक शब्द असा अजून विद्वानांस विचारात पाडतो. पण तो म्हणताना भुकेल्या माणसाला कधी अडखळावे लागलेले नाही. आणि 'भाकर' हा शब्द तरी पाहा! पॅलेस्टाईनमधील गव्हाची वा सातूची रोटी मराठी बायबलमध्ये भाकर झाली, म्हणजे ती महाराष्ट्रातील गरिबाच्या ताटात आली. यात काही गमावले, काही कमावले. पंडिता रमाबाईंनी याच हिशेबासाठी उतारवयात हिब्रू व ग्रीकचा अभ्यास केला आणि साध्या बायाबापड्यांस कळेल असे मराठी बायबल सिद्ध करण्यात आपली अखेरची वर्षे वेचली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपल्या भाषांतरास 'सुबोध बायबल' हे नाव दिले. त्या एका विशेषणात भाषांतरकाराचा सारा धर्म आला.

ख्रिस्तसभेची शिकवणही याच वाटेची आहे. १९४३ साली पोप बारावे पायस यांनी मूळ भाषांच्या अभ्यासास उत्तेजन दिले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की, पवित्र लेखकाला काय म्हणायचे होते हे त्या काळच्या वाङ्मयप्रकारांवरून शोधावे आणि धर्मग्रंथ सर्व श्रद्धावंतांस सहज उपलब्ध असावा. सहज उपलब्ध असावा, ही अपेक्षाच गुप्त किल्लीच्या कल्पनेला दूर सारते.

तेव्हा वाचकहो, कोणी बायबलचे कूट उलगडून दाखवू लागला तर घाबरून जाऊ नये. तो कोणत्या भाषेतील कोणती संहिता वाचतो आहे, एवढे विचारावे. खरी चिंता वेगळी आहे. मुंबईच्या आपल्या अनेक घरांत मुले आज केवळ इंग्रजी वाचतात. आजीचे मराठी प्रार्थनापुस्तक त्यांच्या हाती पडले तर ते त्यांना कसे दिसेल? वाझ यांचे पुराण ज्या वाटेने मुके झाले, त्याच वाटेने तेही जाईल. ते टाळण्यासाठी कोणा गूढवेत्त्याची गरज नाही. रात्रीच्या रोझरीनंतर घरातील एखाद्या मुलाकडून शुभवर्तमानाचा एक उतारा मराठीत मोठ्याने वाचून घ्यावा आणि अडला शब्द वडीलधाऱ्यांनी तेथेच समजावून सांगावा.